सिलेक्ट ऑल

नव्या कॉम्प्युटरवर पहिल्या दिवशी जो तो स्वतःचं नाव टाइप करतो. मीही केलं. फरक एवढाच, की त्यानंतर बराच काळ मी दुसरं फारसं काही टाइप केलं नाही. कधी अल्जेरियन फॉन्टमध्ये, कधी ब्रश स्क्रिप्टमध्ये, कधी त्या काळ्याकुट्ट ओल्ड इंग्लिशमध्ये. ओल्ड इंग्लिशमध्ये 'कुलकर्णी' लिहिलं की वतन केव्हाच गेलंय याचा विसर पडतो. मागे किल्ला दिसायला लागतो, किल्ल्याला खंदक दिसतो, आणि आपण खंदकाच्या आतल्या बाजूला आहोत अशी खात्री पटते.

विंग्डिंग्जमध्ये तर अक्षरं नसतातच, प्रत्येक कळीमागे एक चित्र असतं. त्यात इंग्रजी कॅपिटलमध्ये आमचं आडनाव टाइप केलं तेव्हा क्रमाने हे उमटलं: निर्विकार चेहरा, क्रूस, रडका चेहरा, परत निर्विकार चेहरा, विजयाची दोन बोटं, सूर्य, कवटी आणि शेवटी पसरलेला पंजा. आमच्या घराण्याचा इतिहास इतक्या थोडक्यात कोणी लिहिलेला नाही. भाऊबंदकीतला दावा जिंकल्याचीसुद्धा त्यात नोंद आहे. मी तो कागद छापून दारावर लावला. "अहो, ती कवटी काढा," बायको म्हणाली, "गॅसवाला सिलिंडर जिन्यातच ठेवून पळाला."

फॉन्ट यायचे सीडीवरून. मासिकाबरोबर फुकट आलेली, फुटपाथवरून घेतलेली, कोणीतरी ऑफिसात गुपचूप राइट करून आणलेली. कंट्रोल पॅनेल, फॉन्ट्स, इन्स्टॉल न्यू फॉन्ट. मग सीडीवरची यादी वर येईपर्यंत पाय हलवत बसायचं. शहाणा माणूस त्या यादीतून चार फॉन्ट निवडेल. पण यादीशेजारीच 'सिलेक्ट ऑल' नावाचं बटण होतं, आणि असं बटण समोर असताना निवड करत बसणं मला कद्रूपणाचं वाटायचं. बर्फ साचलेली अक्षरं, रक्त ठिबकणारी अक्षरं, बांबूची, दोरखंडाची, ज्वाळांची. विंडोज ९८ मध्ये फॉन्ट हजाराच्या घरात गेले की रजिस्ट्रीत त्यांच्या नोंदीला जागा उरत नाही, हे ज्ञान मला पुस्तकातून मिळालेलं नाही. मशीन चालू करून मी दूध आणायला जात असे. वर्डमधला फॉन्टचा मेनू टाइम्स न्यू रोमनपर्यंत उतरवेतो काय लिहायचं होतं ते डोक्यातून जायचं. तसं डोक्यात काही नसायचंच, पण सबब मिळायची.

लेटरहेड केलं. नावाखाली हुद्दा हवा. 'वरिष्ठ लिपिक' हा त्या गॉथिक थाटाला शोभेना, म्हणून पत्ता टाकला, आणि कागद एका बाजूला कलंडल्यासारखा दिसायला लागला म्हणून तोच पत्ता दुसऱ्या बाजूलाही टाकला. त्या लेटरहेडवर एकच पत्र गेलं, वाढीव बिलाच्या तक्रारीचं. उत्तरात मायना होता, 'मा. संस्थापक महोदय'. बिल कमी झालं नाही, पण ते पत्र मी जपून ठेवलंय.

आता थोडं नाटकांच्या जाहिरातींबद्दल. विषय सुटतोय याची मला कल्पना आहे. पण या वेडाचं मूळ तिथे आहे आणि मला त्याबद्दल बोलायला कोणी विचारत नाही. आमच्या पिढीने नाटकं कमी आणि नाटकांची नावं जास्त पाहिली. वर्तमानपत्रातल्या त्या जाहिरातींच्या पानावर कमल शेडग्यांच्या हातची अक्षरं असायची. इकडे संसाराचा करुण विषय, तिकडे फार्स, शेजारी ऐतिहासिक. तिकिटाचे पैसे खिशात नसले तरी नुसत्या नावाच्या वळणावरून कळायचं, की इथे रुमाल लागणार आहे की नाही. एखाद्या नावातली वेलांटी अशी झेप घ्यायची की तिच्या सावलीत बाकीची अक्षरं उभी राहायची. कुठे शिरोरेषा तुटलेली, कुठे ती मुळी ओढलेलीच नाही, आणि तरी वाचताना अडखळायला होत नसे. एकाच नावात दोन 'र' असले तर ते एकमेकांची नक्कल करत नसत. पहिला 'र' आपल्या शेजाऱ्याकडे बघून वळायचा, दुसरा आपल्या. मी ती नावं कापून वहीत चिकटवायचो. गणिताच्या वहीत, त्यामुळे त्याची शिक्षाही झाली. पुढे शाळेच्या गॅदरिंगचा फळा रंगवायला मिळावा म्हणून मी जंग जंग पछाडलं. सरांनी माझा 'स' पाहिला आणि मला सतरंज्या उचलायच्या कामावर घेतलं. तो 'स' आत कुठेतरी सलत होता. २०२० साली शेडगे गेले तेव्हा ती वही माळ्यावरून काढून मी दिवसभर चाळत बसलो. त्यातली निम्मी नाटकं मी अजूनही पाहिलेली नाहीत. तर मुद्दा असा, की मराठी शोभेच्या फॉन्टांची फ्लॉपी हातात आली तेव्हा मला वाटलं, आता हाताची गरज नाही. आता 'स' विकत मिळतो.

फॉन्टवर डबल क्लिक केलं की नमुन्याची ओळ दिसते, ती आळशी कुत्र्यावरून उडी मारणाऱ्या तपकिरी कोल्ह्याची. इंग्रजीतली सव्वीसही अक्षरं तीत येतात. मराठी फॉन्ट उघडला तरी कोल्हा तोच, कारण त्या फॉन्टांत मराठी नव्हतीच. कॉम्प्युटरच्या हिशेबी ते इंग्रजी अक्षरच, अंगात फक्त देवनागरी सदरा. त्यामुळे कोल्ह्याचा होई एक अघोरी मंत्र: ओळीने काने, धनी नसलेला रफार, अधांतरी उकार. जोडाक्षरांसाठी ऑल्टची कळ दाबून धरायची आणि उजवीकडच्या आकड्यांवर शून्यापासून सुरू होणारा क्रमांक मारायचा. त्याचा तक्ता मॉनिटरला चिकटवलेला असे. 'श्रद्धा' लिहायची तर ती आधी मनात असावी लागे.

सोसायटीच्या सेक्रेटरींनी टाकी धुण्याची नोटीस माझ्याकडे दिली. मी ती फुलावेलींच्या अक्षरात काढली. डॉट मॅट्रिक्स प्रिंटर रात्री उशिरापर्यंत किंचाळत होता. सकाळी 'उद्या पाणी येणार नाही' हा मजकूर इतका मंगल दिसत होता, की तळमजल्यावरच्या आजींनी मुंज कोणाची म्हणून विचारलं. पाणी मात्र कोणीच भरून ठेवलं नाही.

त्याच फुलावेलींत मी आमच्या अण्णांच्या आठवणी टाइप केल्या. अण्णांनी उमेदीची वर्षं डोंगराळ भागातल्या पोस्टात काढली. पाकिटावरचं अक्षर बघून ते आत काय असेल ते सांगत, आणि सहसा खरं निघे. संध्याकाळी ते खुर्ची ओढून शेजारी बसत, सांगत, आणि मी जसंच्या तसं उतरवून घेई. त्या फॉन्टात मराठीचा अर्धा 'र' नव्हता, तो वाटीसारखा वळतो तो. रफारावर भागवावं लागे. त्यामुळे अण्णांचे डाकवाले सह्याद्रीच्या दऱ्या न ओलांडता दर्या ओलांडत राहिले. अण्णा पडद्याजवळ डोळे नेऊन बघत. "छान आहे रे," म्हणाले एकदा, "पण हे अक्षर कोणाचं?" मी फॉन्टचं नाव सांगितलं. ते काही बोलले नाहीत.

अण्णा जाऊन आता बरीच वर्षं झाली. ती फाइल आहे. मशीनमागून मशीन बदलली, ती मात्र प्रत्येक वेळी नव्यावर घेतली. पण फॉन्टची फ्लॉपी बुरशीने खाल्ली, आणि फॉन्ट नसला की सदरा उतरतो. उघडली की पानंच्या पानं कंस, स्वल्पविराम, डॉलर, टोप्या घातलेली युरोपी अक्षरं. प्रसिद्ध फॉन्टांमधला मजकूर युनिकोडमध्ये आणणारे कन्व्हर्टर मिळतात. माझ्या फुलावेलींना कोणी ओळखत नाही. चीड याची येते, की युनिकोडमध्ये देवनागरीची जागा १९९१ पासून ठरलेली होती. क म्हणजे क, कुठल्याही सदऱ्यात. पण आमच्या घरातल्या विंडोजपर्यंत ते पोचलंच नव्हतं. पुढे विंडोज २००० बरोबर र. कृ. जोशींनी घडवलेला 'मंगल' फॉन्ट आला. साधा, सरळ. मी तेव्हा त्याला नाक मुरडलं होतं. त्यात एकही फूल नव्हतं.

तो मॉनिटरवरचा तक्ता मात्र बायकोने पोळ्यांच्या डब्यात अंथरला होता. दिवाळीची आवराआवर करताना सापडला, तुपाने पारदर्शक झालेला, पण वाचता येण्याजोगा. तो समोर ठेवून एकेक चिन्ह सोडवायला बसलोय. डॉलर म्हणजे 'रु', टोपीवाला ए म्हणजे अर्धा 'ष'. मजकूर मधूनच कुठून तरी धरला, कारण सुरुवातीच्या पानांवर माझंच नाव निरनिराळ्या आकारांत आहे.

पहिली ओळ सुटली: 'हे टाइप करू नकोस, तुला आपलं सांगतोय.'

दुसरी: 'अरे, हेही टाइप केलंस?'

त्यानंतरचे दोन परिच्छेद त्यांच्या वेळच्या पोस्टमास्तरांबद्दल आहेत. मी ते सोडवले, बायकोला वाचून दाखवले, आणि आम्ही दोघांनी मिळून ठरवलं की एवढा भाग फुलावेलींतच राहू द्यावा.