लंडन, पिल्सेन, व्हाया मोरिवली

उल्हासनगरच्या इतक्या जवळ राहून नकलेला नाक मुरडणं आम्हा मोरिवलीकरांना शोभत नाही. तिथल्या मालावरचं 'मेड इन यूएसए' म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद लोकलच्या डब्यात वर्षानुवर्षं चालत आलाय, आणि त्यात चेष्टेपेक्षा कौतुकच जास्त असतं. फाळणीनंतर लष्करी बराकींत येऊन उतरलेल्या माणसांनी जे दिसेल ते हुबेहूब बनवून दाखवलं. त्यामुळे न्यू जर्सीतला भाचा फोनवर "मामा, मला एलपी घरी बनवायचीय" म्हणाला, तेव्हा मी दचकलो नाही.

एलपी म्हणजे लंडन पिल्सनर, मुंबईकरांची जुनी ओळखीची बाटली. हिचं नाव नीट वाचलं तर नक्कल तिथूनच सुरू होते. पिल्सनर ही मुळात बोहेमियातल्या पिल्सेन गावची. १८४२ साली योझेफ ग्रोल नावाच्या बव्हेरियन माणसाने तिथे ती पहिल्यांदा उतरवली, सोनेरी, नितळ. तोवर बिअर बहुधा काळपट नि गढूळ असायची. रंग उजळला तो फिकट माल्टमुळे, आणि माल्ट फिकट राहिलं ते धूर न लागू देणाऱ्या इंग्लिश पद्धतीच्या भट्टीमुळे. तेव्हा आमच्या बाटलीवरचं लंडन अगदीच हवेतलं नाही. ब्रूमास्तर बव्हेरियाचा, भट्टी इंग्लिश, पाणी नि हॉप्स तेवढे तिथले. जिची जगभर नक्कल होते तीही असं जोडकामच.

आता अडचण अशी की बाटली माझ्याकडे आणि भांडी त्याच्याकडे. आपला १९४९ चा दारूबंदी कायदा परवाना खिशात असेल तर मला पिऊ देतो. पण बनवणं सोडाच, बनवण्याच्या हेतूने भांडं बाळगलं तरी धरतो. अमेरिकेत १९७८ मध्ये अध्यक्ष कार्टर यांनी एका विधेयकावर सही केली आणि घरगुती बिअर मोकळी झाली. घरात दोन प्रौढ असतील तर वर्षाला २०० गॅलन. भाचेसुनेने आपल्या वाट्याच्या १०० गॅलनांची जागा मोजून घेतली आणि तिथे लोणच्याच्या बरण्या मांडल्या.

माझी नोकरी एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीच्या क्यूसी लॅबमध्ये गेली. शेजारी स्टँडर्ड, समोर बॅच, जुळलं की सही, नाही तर 'रिजेक्ट' आणि प्रॉडक्शनवाल्यांच्या शिव्या. इथे स्टँडर्ड मोरिवलीत, बॅच न्यू जर्सीत आणि मध्ये व्हिडिओ कॉल. मी ग्लास ट्यूबलाइटसमोर धरून सांगायला बसलो. रंग वाळल्या गवताचा. फेस दोन चणे तोंडात टाकेपर्यंत खाली बसतो. कडवटपणा घोट उतरल्यावर जिभेच्या मुळाशी जाणवतो, तोही बेताचा. आणि अंगाने जरा पातळ.

"पातळ" ऐकताच तो खूश झाला. आपल्याकडच्या हलक्या बिअरमध्ये माल्टच्या जोडीला तांदूळ, मका किंवा साखर घालायची रीत आहे. त्याने अंग हलकं होतं. त्याचा हिशेब ठरला: १९ लिटरला साडेतीन किलो पिल्सनर माल्ट, एक किलो तांदूळ, झेक साझ हॉप्स. तांदळाचे तयार फ्लेक्स मिळतात म्हणाला. मी म्हटलं, वाडा कोलम वापर. आपला ठाणे-पालघरचा तांदूळ, निदान एक तरी जिन्नस गावाकडचा असू दे. त्याने गुरगुट्या भात केला आणि ६५ अंशांच्या माल्टमध्ये ढवळला. तांदळाकडे स्वतःची साखर करायची विद्या नाही, ती माल्टमधल्या एन्झाइम्सकडून उसनी घ्यावी लागते. पुढे लागरचं यीस्ट दहा-बारा अंशांत हळूहळू काम करतं आणि मग महिनाभर जवळपास शून्याला मुरवण. मे महिन्यातल्या मोरिवलीत यासाठी अख्खा फ्रीज मागितला असता, तर कायद्याच्या आधी बायकोनेच धरलं असतं. पिल्सेनचं पाणी फार मृदू, त्याच्या नळाचं जड. त्याने आरओचं पाणी मिसळलं. बारवी धरणाचं पाणी पार्सलने पाठवायची माझी तयारी होती, पण तो विषय त्याने वाढवला नाही.

या सगळ्यात आमच्या कंपनीतले एक रिटायर्ड प्लँट ऑपरेटर एकच प्रश्न विचारत राहिले: "ग्लिसरीन किती टाकलं?" आपल्या बिअरमध्ये ग्लिसरीन असतंच, यावर त्यांची सत्यनारायणाइतकी श्रद्धा. बाटली उघडून पाण्याच्या ग्लासात पालथी धरायची, तोंडातून तेलकट दोऱ्या खाली उतरतात, ते ग्लिसरीन निघालं म्हणायचं आणि मग निवांत प्यायची. मी त्यांना समजावलं की आंबूनही थोडा गोडवा मागे राहतो, त्यामुळे बिअर पाण्याहून किंचित जड असते. दोऱ्या दिसतात त्या बिअरच्याच. विशिष्ट गुरुत्व माझ्या तोंडून त्यांनी नोकरीत भरपूर ऐकलं होतं. त्यांनी मान हलवली आणि चणे पुढे ओढले.

दिवाळीच्या सुमाराला भाच्याचा फोन आला. हायड्रोमीटर १.००९ दाखवतोय, रंग जमलाय, फेसही वेळेवर बसतो. "पण मामा, तीच आहे की नाही ते कळत नाही. इथे ताडून बघायला एलपी कुठाय?" मी स्टँडर्डच्या गप्पा मारू लागलो, तोवर ऑपरेटरसाहेबांनी फोन माझ्या हातातून घेतला.

"पाण्यात पालथी धरून बघितली का?"

पलीकडे नळ वाजला, ग्लास वाजला. मग भाचा म्हणाला, "हो काका, दोऱ्या उतरतायत."

"मग झाली की बरोबर," ते म्हणाले आणि बॅच पास करून टाकली.