इब्लूरला अडकलेली

संध्याकाळी सहा ते साडेआठ या वेळात बंगळुरातल्या सर्जापूर रोडवर कुणालाच नवीन सबब शोधावी लागत नाही. ‘इब्लूरला अडकलोय’ म्हटलं की विषय संपला. आउटर रिंग रोड सर्जापूर रोडला मिळतो त्या इब्लूर चौकात बेळ्ळंदूरच्या टेक पार्कांतून सुटलेली, कोरमंगलाकडून आलेली आणि पुढे दोड्डकन्नेळ्ळी, दोम्मसंद्राकडे निघालेली सगळी माणसं एकाच वेळी येऊन थांबतात. घरच्यांना शंका आलीच तर मोबाइलवर नकाशा उघडावा. रस्ता लालभडक दिसतो. मग उलट घरूनच सहानुभूती येते, ‘सावकाश ये.’

या ‘सावकाश ये’वर आमच्या भागातली एक जमात जेवते.

तिच्यातली एक आमच्याच अपार्टमेंटमध्ये राहते. माहेर सांगली, सासर नाशिक, पगार बेळ्ळंदूरचा. वय चाळिशीच्या अलीकडे-पलीकडे, गळ्यात कंपनीचं कार्ड, खांद्यावर लॅपटॉपचं ओझं. इब्लूर पार केल्यावर, म्हणजे अडकण्यासारखं काही उरलेलं नसताना, ती रस्त्याकडेच्या एका दर्शिनीत शिरते. काउंटरवरचा माणूस मान वर न करता विचारतो, ‘पार्सला?’ एकटी बाई हॉटेलात आली म्हणजे ती घरच्यांसाठी काहीतरी बांधून न्यायलाच आली असणार, हा त्याचा अनुभव. बाई म्हणते, ‘इल्ले.’ इथेच. आठ वर्षं बंगळुरात काढून तिला कन्नड तसं बेताचंच येतं, पण हा एक शब्द ती अस्सल हेल काढून म्हणते.

घरी तिला जेवायला मिळत नाही असं कुणी समजू नये. स्वयंपाकाला बाई आहे, नवरा सज्जन आहे, शनिवारी भांडीही घासतो. पण ती ताट घेऊन बसली की धाकट्याला लोणचं हवं असतं, मोठीला समोरची भाजी नको असते आणि नवरा म्हणतो, ‘उठलीच आहेस तर मीठ आण.’ हे तो म्हणतो तेव्हा ती बसलेली असते. डोसे असतील त्या दिवशी पहिला तव्याचा, मधले सगळ्यांचे आणि शेवटचा, पीठ खरवडून घातलेला, आकारानं श्रीलंकेसारखा, तो तिचा. दर्शिनीत खुर्च्याच नसतात. उंच गोल टेबलाशी उभं राहून खायचं. जी आधीच उभी आहे तिला कोण उठवणार?

ही खुर्च्या काढून टाकायची कल्पना इथलीच. १९८३ मध्ये जयनगरला आर. प्रभाकर यांनी कॅफे दर्शिनी काढलं आणि मग गल्लोगल्ली दर्शिन्या झाल्या. आधी पैसे भरा, टोकन घ्या, काउंटरवरून ताटली उचला, उभ्यानं खा, निघा. जागा कमी लागावी, नोकर कमी लागावेत, इडली स्वस्त पडावी, एवढाच त्यामागचा हिशोब. पण त्या हिशोबात एक गोष्ट कुणाच्या लक्षात न येता घडली. ‘किती जण?’ हा प्रश्नच गेला. टेबल द्यायचंच नाही, तर किती जणांचं द्यायचं हे कशाला विचारतील?

तो प्रश्न किती जुना आहे ते आपल्याकडची जुनी हॉटेलं आठवली की कळतं. इराण्याकडे काय, उडप्याकडे काय, आत पडद्याआड किंवा अर्ध्या दाराआड ‘फॅमिली रूम’ असे. पुरुष एकटा आला तर तो गिऱ्हाईक. बाई एकटी आली तर तिला फॅमिलीत धाडत. एकट्या बाईचं कुटुंब करून टाकण्याची ही युक्ती मला फार थोर वाटते. तिकडे मुंबईच्या गिरणगावात खानावळी चालवल्या बायकांनी आणि जेवले गिरणी कामगार. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढून या बायकांना बँकेच्या कर्जापर्यंत पोचवलं. अमेरिकेचंही फार कौतुक नको. न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलातली ओक रूम दुपारच्या वेळी फक्त पुरुषांसाठी राखीव असे. फेब्रुवारी १९६९ मध्ये स्त्रीवादी बेटी फ्रीडन आपल्या सहकारी बायकांना घेऊन तिथे जाऊन बसल्या. वेटरांनी वाद घातला नाही. त्यांनी समोरचं टेबलच उचलून नेलं. बायका गोल करून नुसत्या खुर्च्यांवर बसून राहिल्या. तिथे टेबल नेऊन बायकांना हुसकावलं, इथे खुर्च्या नेल्या आणि बायकांची सोय झाली. फर्निचरचा काही भरवसा नाही.

बसून खायच्या रेस्टॉरंटात ती एकटी जातच नाही असं नाही. वाढदिवसाला दुपारी रजा टाकून जाते. दारातला मुलगा विचारतो, ‘हाउ मेनी, मॅम?’ ‘वन.’ ‘ओन्ली वन?’ मग तिला हात धुवायच्या बेसिनजवळचं टेबल मिळतं, समोरच्या काटे-चमच्यांचा जोड अंत्यविधीच्या गांभीर्यानं उचलला जातो आणि मेनूकार्ड येतं. तिथे खरा पेच. पनीरची भाजी तिघांची, डाळ चौघांची, बिर्याणी ज्यांचं एकमेकांशी पटतं अशा सहा जणांची. एका माणसाला भूक लागते हे त्या कार्डाला ठाऊकच नसतं. टोकियोत एक मूमिन कॅफे होतं, तिथे एकट्या गिऱ्हाइकाला सोबत म्हणून समोरच्या खुर्चीत मूमिन नावाचा मोठा कापडी बाहुला आणून बसवत. आमच्याकडे ते काम मॅनेजर करतो. दर पाच मिनिटांनी येऊन हात बांधून विचारतो, ‘एव्हरीथिंग ओके, मॅम?’ तोंडात घास असताना ‘ओके’ म्हणायचा तिला आता सराव झालाय. कापडी मूमिन निदान बोलत तरी नाही.

म्हणून बाकीचं वर्ष दर्शिनी. एक मसाला डोसा, त्यात आतून लावलेली लाल चटणी, वर पांढरी चटणी मागून घेतलेली, आणि एक पूर्ण कॉफी. पूर्ण, कारण या गावात दोघांनी एक कॉफी अर्धी-अर्धी घ्यायची रीत आहे, ‘बाय-टू’ म्हणतात, आणि तिचं निम्मं आयुष्य बाय-टूतच गेलंय. डोसा खायचीही तिची पद्धत ठरलेली. आधी चहूबाजूंनी कुरकुरीत कडा मोडून खायची, मग मधला मऊ भाग, आणि बटाट्याचा गोळा शेवटी. घरी हा क्रम चालत नाही; तिथे शेवटपर्यंत ठेवलेला बटाटा ‘आई, तुला नकोय का?’ म्हणून दुसऱ्याच्या पोटात जातो. हातात फोन नसतो, कानात गाणं नसतं. एकटं खाणारी माणसं फोनमध्ये तोंड घालून आपण एकटे नाही असं भासवतात, तसलं काही नाही. ती डोशाकडे बघत डोसा खाते. शेजारच्या टेबलावरची पोरं तिच्याकडे जरा दचकूनच बघतात.

मात्र फोन येतो. नवऱ्याचा आला तर ती घास गालात सरकवून सांगते, ‘अरे, अजून इब्लूरलाच आहे. हलतच नाही काही.’ मराठीतून सांगते, त्यामुळे निर्धास्तपणे सांगते. तिला हे ठाऊक नाही की कॉफी ओतणारा पोरगा निपाणीचा आहे. त्याला शब्द न् शब्द कळतो. ती फोनवर असली की तो टोकनचा पुकारा बंद ठेवतो आणि दाराशी रिक्षा उभी असेल तर कौतुकानं कान देऊन ऐकतो, हॉर्न वाजला की बाईंच्या बोलण्याला केवढा भक्कम पुरावा मिळतो ते.

आईला तिनं सुरुवातीला खरं सांगितलं होतं. ‘हॉटेलात? कुणाबरोबर?’ ‘एकटीच.’ सांगलीहून बराच वेळ आवाज आला नाही. मग हलक्या सुरात विचारणा झाली, ‘घरी सगळं ठीक आहे ना?’ बाई एकटी हॉटेलात जेवते म्हणजे घर सोडून आलेली तरी असणार नाहीतर सोडायच्या बेतात तरी. तेव्हापासून आईसाठीही इब्लूरच. आता आईला इब्लूर इतकं सवयीचं झालंय की तिला ते किर्लोस्करवाडीसारखं गाडी थांबायचं स्टेशन वाटतं.

घरून काम असलं की मात्र पंचाईत. तेव्हा इब्लूर नाही. पूर्वी ‘कोथिंबीर घेऊन येते’ म्हणून सुटता यायचं. आता दहा मिनिटांत कोथिंबीर दारात आणून देणारी ॲप आलीत. या ॲपवाल्यांनी किराणा दुकानदारांचं नुकसान केलं म्हणून सगळे बोलतात, बायकांच्या सबबींचं केलं त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. पुढचं संकट याहून मोठं आहे. सर्जापूर ते हेब्बाळ या मेट्रोला राज्याच्या मंत्रिमंडळानं डिसेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली. अपार्टमेंटच्या ग्रुपवर फटाके फुटले. दीडशे अंगठ्यांत हिचा अंगठा नव्हता. मेट्रोला ‘अडकले’ म्हणता येत नाही. सुदैवानं बंगळुरात मंजुरी आणि गाडी यांच्यामध्ये मुलं कॉलेजात जातात, तेवढाच दिलासा.

सध्या तिच्या सासूबाई आल्यात नाशिकहून, नातवंडांसाठी. शिस्तीच्या बाई. संध्याकाळी साडेपाचला बूट घालून कैकोंड्रहळ्ळीच्या तळ्यावर फिरायला जातात. हे तळं गावकऱ्यांनी आणि महापालिकेनं मिळून पुन्हा जिवंत केलेलं, भोवती चालायला चांगली वाट. परत आल्या की रात्री अर्धी पोळी, चमचाभर वरण. ‘वय झालं की आहार कमी होतो,’ म्हणतात. सुनेला काळजी वाटली. तिनं हट्टानं त्यांचं रक्त तपासून घेतलं. हिमोग्लोबिन उत्तम, बी-ट्वेल्व्ह उत्तम, वजन दीड किलोनं वाढलेलं. डॉक्टर म्हणाले, तळ्याची हवा मानवली.

शुक्रवारी ती सहसा ऑफिसला जात नाही. गेल्या शुक्रवारी क्लायंट आला म्हणून जावं लागलं आणि तो लवकर गेला म्हणून लवकर सुटली. सहाच्या सुमारास दर्शिनीत आली. मी कोपऱ्यात कॉफी घेऊन उभा होतो. निपाणीच्या पोरानं तिला बघितलं आणि हातातली कॉफी पेल्याऐवजी ओट्यावर ओतली. तो तिला खुणेनं काहीतरी सांगायला बघत होता, पण ती टोकन घेऊन वळलीच.

खांबाजवळच्या टेबलाशी सासूबाई उभ्या होत्या. बूट, पदर खोचलेला, पुढ्यात बेण्णे डोसा. कडा सगळ्या खाऊन झालेल्या, बटाटा शेवटासाठी ठेवलेला.

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. सुनेच्या हातात टोकन तसंच. सासूबाईंनी तोंडातला घास घाई न करता संपवला, वाटीतली चटणी आपल्याकडे ओढून घेतली आणि म्हणाल्या, ‘मंगळवार-शुक्रवार माझे असतात. तू बाकीचे दिवस घे.’

‘बरं, आई.’

‘आज आलीच आहेस तर त्या पलीकडच्या टेबलाशी उभी राहा. आणि हे बघ,’ बटाट्याच्या गोळ्याला हात घालत त्या म्हणाल्या, ‘त्या रक्ताच्या तपासणीचे पैसे मात्र उगाच घालवलेस.’