जिन्याचेही भाडे

होशंगाबादचे नर्मदापुरम 2022 मध्ये झाले, पण भोपाळकरांच्या तोंडी रस्ता अजून होशंगाबाद रोडच. तिकडे एखाद्या मॉलमध्ये गाळा घ्यायला निघालात, तर शाळेतले क्षेत्रफळ विसरून जा. गाळा समजा पाचशे फुटांचा, भाडे आठशेचे. मधले तीनशे फूट जिन्यात, लिफ्टमध्ये, स्वच्छतागृहात आणि कॉलेजची पोरे एसीची हवा खात रेलतात त्या कठड्यापाशी. त्यांच्या सेल्फीचे भाडे तुम्ही भरायचे. 2016 च्या रेरा कायद्याने कार्पेट एरियाची, म्हणजे आत प्रत्यक्ष वापरता येणाऱ्या जागेची, व्याख्या केली खरी, पण ती विकत घेणाऱ्यासाठी. भाडेकरू आपला जिना-लिफ्ट धरून मोजलेल्या ‘सुपर बिल्ट-अप’च्या भरवशावर. वर देखभाल खर्च, त्यावर 18 टक्के जीएसटी, आणि विक्री चढलीच तर तीतही मालकाचा टक्का. पडली तर? मग लॉक-इनचे कलम वाचा: शटर बंद, भाडे चालू.

जुन्या शहरात, चौक बाजारात, जरीचे बटवे विकणारा दुकानाबाहेर दोन फूट माल मांडतो. महापालिका अधूनमधून डोळे वटारते, एवढेच. मॉलमध्ये उंबऱ्याबाहेर पुतळा ठेवून बघा, सुरक्षारक्षक मोजपट्टी घेऊन हजर! फूट खरे किती, ते तेव्हा बरोबर मोजता येते.