रिसाल्यातली पोर

दारू पिणाऱ्या बाईचं कधी भलं होत नाही, असा आमच्या शेजारच्या काकूंचा ठाम निकाल. भिंतीवरून मी ॲनी चॅपमनचं नाव काढलं तेव्हाही तो पाच मिनिटांत लागला.

"कोण ही?"

"लंडनची, काकू. जॅक द रिपरनं मारलेली. 1888 साल."

"मग बाजारबसवीच असंल. तो असल्याच बायांना मारायचा म्हणं."

सगळे असंच म्हणतात. हॅली रुबेनहोल्ड यांनी 'द फाइव्ह' हे पुस्तक 2019 मध्ये लिहिलं, मारलेल्या पाचही बायांची आयुष्यं कागदपत्रांतून उकरून काढली. ॲनी धंदा करायची याला पुरावाच नाही, असं त्यांचं म्हणणं. काकूंना पुरावा-बिरावा चालत नाही, म्हणून मी दुसरं काढलं.

"तिचा बाप रिसाल्यात होता, काकू. राणीच्या घोडदळात शिपाई."

काकूंनी हातातलं सूप खाली ठेवलं. हिंगोलीत रिसाला म्हटलं की माणूस निम्मा आपला होतो. रिसाला, पलटन, तोफखाना, पेन्शनपुरा ही वस्त्यांची नावं इथल्या लष्करी छावणीचीच देणगी, आणि ॲनी मेली तेव्हा निजामाच्या कंटिंजंटची ती छावणी इथं होती.

"मग लगीन-बिगीन?"

"झालं की. 1869, एक मे. नवरा बड्या लोकांच्या बग्गीवर कोचमन. थोरली लेक बाराव्या वर्षी मेंदूज्वरानं गेली, धाकटा पोरगा अपंग."

"अगं माय! मग पेईल नाहीतर काय करील?"

निकाल फिरला. पुढचं मी सांगत गेले. दोघं वेगळे झाले, नवरा आठवड्याला दहा शिलिंग धाडायचा. 1886 च्या नाताळाला तो वारला आणि पैसे थांबले.

"खावटी बुडाली म्हण की."

बुडालीच. मग क्रोशाचं विणकाम, फुलं विकणं, आणि रात्री भाड्याच्या खाटेवर झोप. 8 सप्टेंबरच्या पहाटे खाटेपुरते पैसे नव्हते. माझी खाट कुणाला देऊ नका, येतेच, असं रखवालदाराला सांगून ती पावणेदोनच्या सुमाराला बाहेर पडली. सहाच्या आत हॅनबरी स्ट्रीटवरच्या एका घराच्या परसात सापडली. बोटांतल्या अंगठ्या ओरबाडलेल्या.

"सोन्याच्या?"

"पितळेच्या."

काकू काही बोलल्या नाहीत, म्हणजे फारच लागलं. फुप्फुसाच्या रोगानं ती तशीही खंगलेली होती, हे मी मग सांगितलंच नाही.

"आपल्या मानवतचं तेच झालं," त्या एकदम म्हणाल्या. मानवत परभणी जिल्ह्यातलं आणि तेव्हा हिंगोलीही त्याच जिल्ह्यात, त्यामुळं ते काकूंना परकं नाही. बहात्तरचा दुष्काळ, त्यात हे. नोव्हेंबर 1972 ते जानेवारी 1974 या काळात दहा खून झाले: दहा वर्षांच्या आसपासच्या पाच पोरी, चार बाया, एक तान्हं लेकरू. गुप्तधनाच्या नादापायी. काकूंची आई तेव्हा पोरींना सरपणाला एकटं सोडत नव्हती.

"मानवतवरच्या त्या सीरियलमधला अनासपुरे बघितला का, गोवारीकर बघितला का, हे समदे विचारतात. त्या पोरींचं कोण विचारतंय? एकीचं तरी नाव सांग बघू."

मी विषय बदलला. म्हटलं, मानवतचा खटला निदान सुप्रीम कोर्टापर्यंत गेला, 1977 ला निकाल लागला. लंडनात तेवढंही झालं नाही. जॅक कोण, हे आजवर ठरलेलं नाही.

"मग त्याचं नाव कशाला घ्यायचं? तिचं सांग. माती कुणी दिली?"

"घरच्यांनी. 14 सप्टेंबरला, सकाळी लवकर, कुणाला पत्ता न लागू देता. मॅनर पार्कच्या दफनभूमीत."