खाली बसवलेली गाडी आणि उसाचा काटा

गाळप हंगाम सुरू झाला की सातारा-सांगलीत वजन हा राजकारणाचा विषय होतो. कारखान्याचा काटा किती मारतो यावर पारावर, चहाच्या टपरीवर आणि सभेच्या व्यासपीठावर एकाच आवाजात चर्चा चालते. उसाची ट्रॉली आधी खासगी काट्यावर नेऊन वजन करून आणा, असं शेतकरी संघटना सांगतात आणि दोन पावत्यांत शंभर-दोनशे किलोचा फरक दिसला की चक्का जाम होतो. त्या आंदोलनाला घरचं पोरगं जी गाडी उडवत येतं, तिच्या चार चाकांवर वजन कसं पडलंय हे मात्र त्याच्या बापालाही ठाऊक नसतं आणि गाडी खाली बसवून देणाऱ्या मिस्त्रीलाही.

गाडी खाली बसवायचं वेड आता पुण्या-मुंबईपुरतं राहिलेलं नाही. एमएच ११ आणि एमएच १० पासिंगच्या हॅचबॅक रांगेत उभ्या करून पाहा, दोन-चार तरी पोट जमिनीला टेकायच्या बेतात असतात. नुसत्या लोअरिंग स्प्रिंगवर भागलं तर ठीक. हौस मोठी असेल तर कॉइलओव्हर येतात, म्हणजे आटे पाडलेले शॉकअप, ज्यांच्यावर स्प्रिंगची बैठक फिरवून वर-खाली करता येते. खोका फोडतानाचा व्हिडिओ निघतो, जुन्या शॉकअपला निरोप दिला जातो, पेढे वाटायचे तेवढे राहतात. चारही बैठका सारख्या उंचीवर ठेवल्या की मिस्त्री हात पुसतो. चाक आणि मडगार्ड यांत दोन बोटं जातात का, एवढी तपासणी होते आणि गाडी रस्त्यावर.

खरं काम इथून पुढं असतं. चारी बैठका सारख्या म्हणजे चारी चाकांवर वजन सारखं, असा हिशेब गाडी मान्य करत नाही. समजा, चालकासकट ९६० किलोची गाडी आहे. इंजिन पुढं, चालक उजवीकडं. पुढच्या डाव्या चाकावर २७०, उजव्यावर ३१० आणि मागं दोन्हीकडं १९० किलो. आता तिरपी बेरीज करा. पुढचं उजवं आणि मागचं डावं मिळून ५००, म्हणजे ५२.१ टक्के, उरलेल्या जोडीवर ४६०. ही तिरपी बेरीज निम्म्याच्या जवळ आणणं म्हणजे कॉर्नर बॅलन्सिंग. पुढची उजवी बैठक थोडी उतरवली की त्या चाकावरचा आणि त्याच्या तिरप्या जोडीदारावरचा भार कमी होतो आणि तो दुसऱ्या जोडीवर जातो. पुढं-मागं आणि डावं-उजवं या बेरजा मात्र बैठक फिरवून जवळपास हलत नाहीत. त्या बदलायच्या तर बॅटरी हलवा, स्टेपनी हलवा, नाहीतर शेजारी बसलेला मित्र उतरवा.

हे काम करायची पद्धत ठरलेली आहे आणि ती कंटाळवाणी आहे. टायरमधली हवा नेमकी, टाकीत नेहमीइतकं पेट्रोल, चालकाच्या सीटवर त्याच्या वजनाची पोती. पाणसळ लावून एका पातळीत आणलेली जागा आणि चार चाकांखाली चार इलेक्ट्रॉनिक काटे. डावं-उजवं चाक जोडणाऱ्या अँटी-रोल बारची लिंक सोडायची, नाहीतर बारमधला ताण वजनात घुसतो. बैठक फिरवली की गाडी दाबायची, पुढं-मागं ढकलायची, स्प्रिंग बसू द्यायच्या, पुन्हा आकडे बघायचे. याचा व्हिडिओ काढला तर बघणार कोण?

या खटाटोपाला सांगली जिल्ह्यातल्या एका कल्पक टोळक्यानं देशी उपाय शोधल्याचं सांगतात. वजनकाट्याचा सुकाळ असताना चार काटे विकत कशाला घ्यायचे? गाडी ट्रकच्या काट्यावर न्यायची. आधी पुढची चाकं चढवायची, मग मागची. नंतर डावी बाजू, मग उजवी. पुढं ५८०, मागं ३८०, डावीकडं ४६०, उजवीकडं ५००. छापील पावत्या हातात, काम फत्ते. अडचण एवढीच, की या चारही बेरजा वर सांगितलेल्या गाडीला जशा लागू पडतात तशाच पुढं २९०-२९० आणि मागं १७०-२१० असलेल्या गाडीलाही पडतात. त्या दुसऱ्या गाडीची तिरपी बेरीज ५२.१ नव्हे, ४७.९ टक्के येते. एक गाडी उजव्या वळणावर एका तऱ्हेनं वागणार आणि दुसरी नेमकी उलट, पण पावत्या दोघींच्या सारख्याच. प्रत्येक चाक स्वतंत्र तोलल्याशिवाय पत्ता लागत नाही. त्यात मोठ्या काट्याचा आकडा बहुधा दहा-दहा किलोनं सरकतो आणि इथं भानगड वीस किलोची. कारखान्यानं असा काटा लावला असता तर ऊस टाकायच्या गव्हाणीत आंदोलकांच्या उड्या पडल्या असत्या.

वजनानंतर अलाइनमेंट. क्रम हाच, कारण उंची बदलली की चाकांचे कोन बदलतात. अलाइनमेंट आधी करून नंतर बैठका फिरवल्या तर पैसे पाण्यात. इथं मालक मोठ्या विश्वासानं संगणकाच्या पडद्याकडं बघत उभा राहतो. पडद्यावर हिरवे आकडे कमी आणि लाल जास्त. "दादा, लाल दिसतंय त्याचं टेन्शन घेऊ नका," मिस्त्री सांगतो, "गाडी खाली बसवलीय हे मशीनला कळंना." त्याचंही सगळंच चूक नसतं. आपल्याकडच्या बहुतेक हॅचबॅकमध्ये पुढं टाय रॉड फिरवून फक्त टो, म्हणजे वरून पाहता चाक आत-बाहेर वळल्याचा कोन, जुळवता येतो. कॅम्बरसाठी, म्हणजे समोरून पाहता चाक कलल्याच्या कोनासाठी, वेगळे बोल्ट किंवा वरच्या सरकत्या प्लेटा लागतात आणि मागच्या सरळ बीमला तर हात लावायला जागाच ठेवलेली नसते. म्हणजे लाल आकड्यांपैकी निम्म्यांवर इलाज नाही, हे मालकाला स्प्रिंग घ्यायच्या आधी कोणी तरी सांगायला हवं होतं. कोणी सांगत नाही, कारण सांगितलं तर स्प्रिंग खपणार नाहीत.

'बॅलन्सिंग पण करा' असं बजावून सांगणारे मालकही भेटतात. होतं ना. रिमला शिशाचे तुकडे ठोकले जातात, चाकाची थरथर जाते आणि बिलावर बॅलन्सिंग लिहिलेलं बघून मालक खूश. गाडीचं वजन आहे तिथंच.

साताऱ्यात ही पापं लवकर उघडी पडतात. यवतेश्वर चढून कासच्या रस्त्याला लागलं किंवा वाईहून पसरणी घाट धरला की डावं-उजवं वळण पाठोपाठ येतं आणि एकीकडं आज्ञाधारक असलेली गाडी दुसरीकडं अंगात आल्यासारखी वागते. ब्रेक मारला की पुढचं हलकं चाक आधी घसरायला बघतं. मालक मग टायरच्या कंपनीला शिव्या घालतो. सांगलीकडं जमीन सपाट, दोन्ही बाजूंना ऊस, रस्ता सरळ. तिथं वळण चुगली करत नाही, टायर करतो. चाकाचा टो एका अंशानं चुकला तर ते दर किलोमीटरला सुमारे साडेसतरा मीटर आडवं घासतं. साताऱ्याहून सांगली साधारण सव्वाशे किलोमीटर. मिरजेच्या मामाकडं पोचेपर्यंत टायर दोन किलोमीटरांहून जास्त आडवा चाललेला असतो. सहा महिन्यांत आतल्या कडेनं तारा दिसायला लागतात आणि निदान ठरलेलं: "टायर खातंय, रस्तेच तसले."

रस्ते तसले आहेतच, हे कोण नाकारणार? पेठ-सांगली रस्त्यानं कित्येक वर्षं जिल्ह्याच्या पाठीचे मणके मोजले आणि शेंद्रे ते कागल सहापदरीकरणात सेवारस्त्यानं किती गाड्यांची अलाइनमेंट नेली याची गणती कोणी ठेवलेली नाही. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा असं आहे. गावोगावचे गतिरोधक मात्र ग्रामस्थांच्या रागाच्या मापानं घातलेले असतात. १६३ मिलिमीटर ग्राउंड क्लिअरन्सची स्विफ्ट ४० मिलिमीटर खाली बसवली की उरतात १२३. पुढं शाळेजवळचा गतिरोधक येतो, गाडी तिरकी घालावी लागते, मागची एसटी हॉर्न वाजवते.

दुसरा पंथ गाडी वर उचलणारा. बैलगाडी शर्यतीत पहिलं बक्षीस म्हणून थार ठेवायची पद्धत सांगली जिल्ह्यानं पाहिलेली आहे. बैलानं जिंकलेली गाडी माणूस उंच करून घेतो. कॅम्बर आणि टो इथंही हलतात, फक्त उलट्या दिशेनं. बैल जुंपणारा ऊसतोडीचा गाडीवान मात्र यातलं एकही इंग्रजी नाव न ऐकता मोळ्या रचताना वजन पुढं-मागं सरकवत असतो, कारण गाडी उलाळ झाली तर जू वर उचलतं आणि पुढं जड झाली तर बैलाच्या मानेला घट्टे पडतात. त्याला चूक लगेच कळते, कारण त्याचा बैल मुका असला तरी चालायचा थांबतो.

कायद्याचंही एक लचांड आहे. नोंदणीतल्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल करायला मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नं बंदी आहे आणि सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये ती ठामपणे अधोरेखित केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. बदल मोजण्यात सरकार मालकापेक्षा काटेकोर निघालं.

वजन तोलायचं हे शास्त्र शिकायला जर्मनीला जायची गरज नाही. शेजारच्या कोल्हापुरानं ध्रुव मोहिते, कृष्णराज महाडिक, चित्तेश मंडोडी यांच्यासारखे रेसर दिले आणि मोहिते रेसिंग अकॅडमीचा कार्टिंग ट्रॅकही तिथंच आहे. कार्टला स्प्रिंगच नसते. मागचा ॲक्सल अखंड, त्यामुळं वळणावर आतलं मागचं चाक उचलल्याशिवाय कार्ट नीट वळत नाही आणि ते उचललं जावं म्हणून सीट कुठं बसवायची इथपासून वजनाचा विचार होतो. तिथं पोरं आधी तोलतात, मग पळवतात.

तेव्हा गाडी खाली बसवायचीच असेल तर स्प्रिंगच्या पैशातच चार काट्यांवरचं वजन आणि अलाइनमेंट यांचे पैसे बाजूला काढा. आपल्या गाडीत काय फिरवता येतं आणि काय नाही ते खोका फोडायच्या आधी विचारा. अलाइनमेंटचा आधीचा आणि नंतरचा, असे दोन्ही कागद मागून घ्या. आणि सीटवर पोती रचताना मिस्त्रीनं तुमचं वजन विचारलं तर आजचं सांगा, लग्नातलं नको.