घनचक्करवरचा डबा

अमेरिकेने जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक २ मे २००० रोजी काढून टाकली आणि दुसऱ्याच दिवशी ओरेगनमधल्या डेव्ह अल्मर यांनी रानात एक बादली अर्धवट पुरून तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर जाहीर केले. खजिन्यात काय, तर पुस्तकं, एक गलोल आणि बीन्सचा डबा. जिओकॅशिंग नावाचं जागतिक वेड इथून सुरू झालं. डबा शोधायचा, आतल्या वहीत सही करायची, वस्तू घेतली तर तोलामोलाची दुसरी ठेवायची आणि आल्या वाटेने परतायचं. फायदा शून्य, म्हणूनच आमच्या भाच्याला ते आवडलं असणार.

तो जर्मनीहून आला तेव्हा त्याच्या मोबाइलवर अकोले तालुक्यात एक ठिपका होता, घनचक्कर डोंगराच्या माथ्यावर. हा डोंगर दीड हजार मीटरच्या वर आहे, पण हुशार बहिणीच्या भावासारखी त्याची गत. सगळी गर्दी कळसूबाईवर, शिडीला रांगा. याला कुणी विचारत नाही. ‘‘म्हणजे पहिला शोधक मीच!’’ भाचा म्हणाला.

माथ्यावर जीपीएसने आम्हाला इमानेइतबारे आणून सोडलं, पण पाच-दहा मीटरांची सूट स्वतःकडे राखून. तेवढ्यात कारवीचं रान आणि शंभर कपारी मावतात. भाचा गुडघ्यांवर रांगत एकेका दगडाखाली हात घालत होता. वाट दाखवायला आलेले मामा बराच वेळ तंबाखू मळत बघत राहिले.

‘‘काय हुडकताय? हिरव्या झाकणाचा डबा व्हय? माकडं उचकत्यात म्हणून मी तिकडं सरकवलाय.’’

डबा निघाला. वहीत पानामागून पान मामांच्याच सह्या, शेजारी तारखा.

‘‘सही करा म्हणून लिवलंय ना आत? गुरं घेऊन आलो की करतो. रोजगार हमीचं मस्टर असंल. पगार कधी निघणार?’’ हे विचारताना मामांच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही, त्यामुळे कोण कुणाची फिरकी घेतंय ते कळेना.

तोलामोलाचा नियमही त्यांनी पाळला होता. नातवासाठी आतली किचेन नेली आणि बदल्यात मूठभर हिरडा ठेवला. डब्यात खाण्याचे पदार्थ ठेवायचे नाहीत, जनावरं वासाने येतात, असं भाचा कुरकुरला. हिरडा औषधात मोडतो, असा निवाडा मी दिला.

यात पैसे मिळत नाहीत, हे भाच्याने मोडक्या मराठीत समजावलं. मामा म्हणाले, ‘‘मग एवढ्या लांबून कशापायी आलासा?’’ भाच्याने मुकाट्याने मामांच्या सहीखाली सही ठोकली.

वहीची पानं आता संपत आली आहेत. तिकडे जाणार असाल तर एक कोरी वही आणि चालणारं पेन न्या. मामांनी पगाराचं विचारलंच, तर वरून मंजुरी यायची आहे म्हणून सांगा.