सोळा एमबीत संसार

डोंबिवलीला अप्पांकडे गेलात तर उभ्यानेच बोलायची तयारी ठेवा. सोफ्यावर जुना काचेचा मॉनिटर बसलेला असतो. त्याच्या शेजारी गोल पिनांचे कीबोर्ड एकावर एक. दिवाणाच्या पोटात रिबन केबली, व्हीएसएनएलच्या जमान्यातला डायलअप मोडेम, बुडाला रबरी गोळी असलेले माऊस आणि विंडोज ९५च्या फ्लॉप्यांचा पुडा. त्यातली सातवी फ्लॉपी वाचता येत नाही. मग ती ठेवलीय कशाला, असं विचारलं तर उत्तर मिळतं, "संच मोडतो."

टाकून देणं ही क्रिया अप्पांच्या व्याकरणात नाही. "चालतंय ना? मग?" हा त्यांचा पहिला युक्तिवाद. चालत नसेल तर दुसरा तयार असतो, "सुटे भाग होतील." भंगारवाला इतरांच्या घरचा माल उचलला की आधी अप्पांच्या दाराशी थांबतो. त्याला किलोचा भाव मिळतो, वर चहा मिळतो. चहा काकू करतात, पण नाइलाजाने.

अप्पा बँकेतून निवृत्त झाले. १९८४ साली रंगराजन समितीने बँकांमध्ये यंत्रं आणायची शिफारस केली, तेव्हा ते तरुण कारकून होते आणि संगणक आले की नोकऱ्या जातील म्हणून संघटनेच्या मोर्चात घसा बसेपर्यंत ओरडत होते. पुढे शाखेत लेजर पोस्टिंग मशीन आलं. त्याच्यापुढे बसायला कुणी तयार होईना, म्हणून साहेबांनी सगळ्यात मोठ्याने ओरडणाऱ्याला बसवलं. त्या संध्याकाळी खतावणी पहिल्या फटक्यात जुळली आणि अप्पांचा विरोध तिथेच मावळला. आज ते संगणकाच्या बाजूने मोर्चा काढतील. अट एकच, यंत्राला निदान पंचवीस वर्षं झालेली हवीत.

पण नुसती जुनी यंत्रं साठवणारे पुष्कळ असतात. अप्पांची जात वेगळी. ते कर्नल कापतात.

कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. प्रोग्रॅम आणि लोखंड यांच्यामध्ये तो बसतो, मेमरी वाटतो, डिस्क वाचतो, कीबोर्डचं ऐकून घेतो. लिनस टोरवाल्ड्सने १९९१ साली हेलसिंकीत आपल्या ३८६ चिपच्या संगणकावर लिनक्सचा कर्नल लिहिला, तेव्हा तो सुमारे दहा हजार ओळींचा होता. २०२५ उजाडलं तेव्हा तो चार कोटी ओळींच्या पुढे गेला. महासंगणकापासून टीव्हीच्या डब्यापर्यंत असंख्य यंत्रांचे ड्रायव्हर त्यात आहेत. अप्पांचा लाडका संगणक त्या ३८६च्या पुढच्या पिढीचा, ४८६. त्याची मेमरी आहे सोळा एमबी. त्यात हे सगळं मावणार नाही हे शेंबडं पोरही सांगेल. म्हणून जे नको ते कंपाइल करण्याआधीच, म्हणजे त्या ओळींचं यंत्राच्या भाषेत रूपांतर होण्याआधीच, बंद करायचं. आणि इथे माणूस बदलतो. मुकी फ्लॉपी ज्याच्या हातून सुटत नाही, तोच माणूस कर्नलच्या यादीपुढे बसला की कुणाची गय करत नाही.

'मेक मेनूकॉन्फिग' असा हुकूम दिला की निळ्या पडद्यावर राखाडी चौकट उघडते. आत मेनू, मेनूच्या पोटात मेनू. प्रत्येक नगापुढे तीन उत्तरं. वाय म्हणजे गाभ्यातच घे. एम म्हणजे मॉड्यूल करून बाहेर ठेव, लागेल तेव्हा आत बोलावू. एन म्हणजे नकोच. अप्पांचं बोट एनवरून क्वचितच हलतं. "हौशी रेडिओ? नको. जॉयस्टिक? या वयात? ब्लूटूथ? ४८६ला? हसेल तो मला. इन्फिनिबँड? हे काय असतं ते मला माहीत आहे, म्हणून नको."

बहुतेक पर्यायांना मदतीचा मजकूर जोडलेला असतो आणि पुष्कळदा शेवटी सल्ला असतो, की खात्री नसेल तर अमुक उत्तर द्या. अप्पा तो वाचून दाखवतात आणि विचारतात, "माझी खात्री नाही असं कधी झालंय का?"

"मला बघायला आलात तेव्हा झालं होतं," काकू स्वयंपाकघरातून सांगतात. "दोन महिने कळवलं नव्हतं."

ही काटछाट वाटते तितकी सरळ नाही. लहान हॉलमधल्या लग्नाची आमंत्रणयादी करण्यासारखा प्रकार असतो. एक नाव खोडलं की त्याच्या भरवशावर येणारे चौघे आपोआप गळतात, आणि एखादा कितीही वेळा खोडला तरी दुसऱ्या कुणाच्या तरी ओळखीने पुन्हा हजर होतो. त्याला कोण घेऊन आलं हे शोधण्यात अप्पांची अख्खी दुपार जाते. ती दुपार त्यांची सगळ्यात आनंदाची.

ध्येय ठरलेलं आहे. सगळा कर्नल एका फ्लॉपीत बसला पाहिजे. १.४४ एमबीची फ्लॉपी म्हणजे १४,७४,५६० बाइट, आणि त्यातच कर्नलला उठवणाऱ्या बूटलोडरलाही कोपरा द्यायचा. "काल पाच केबी वाचवले" ही बातमी अप्पा लिफ्टमध्ये सांगतात, दूधवाल्याला सांगतात, पासबुक भरायला गेले की बँकेतल्या पोरांनाही सांगतात. ती पोरं ज्या फोनवर मान घालून बसलेली असतात, त्यात अप्पांच्या ४८६च्या शेकडो पट मेमरी असते. त्यांना या पाच केबींचं मोल काय सांगणार?

अप्पांच्या मुलाने जर्मनीहून येताना चांगला लॅपटॉप आणून दिला आहे. त्यावर ४८६साठीचा कर्नल काही मिनिटांत बांधून होतो. अप्पांना ती घाई पसंत नाही. ते घरातल्या पेंटियम थ्रीवर कंपाइल करतात. दिवेलागणीला सुरू करायचं, रात्रभर पंख्याची घरघर ऐकायची, सकाळी दुधाच्या पिशव्या येईपर्यंत निकाल. एकदा मध्यरात्री वीज गेली. आम्ही खालच्या मजल्यावर हळहळलो, अप्पा शांत होते. मेक ही आज्ञा झालेलं काम पुन्हा करत नाही, जिथे थांबली तिथून पुढे जाते. पण त्या संगणकाच्या मदरबोर्डवरची घड्याळाची बॅटरी मेलेली होती. वीज आली आणि यंत्र उठलं ते थेट मागच्या शतकात. मेकने पाहिलं तर तासाभरापूर्वी बनलेल्या सगळ्या फायली भविष्यकाळातल्या. ती इशाऱ्यांवर इशारे देत सुटली. दुसऱ्या दिवशी अप्पांनी कोपऱ्यावरच्या घड्याळजीकडून गोल सेल आणला आणि विश्वाचा कालक्रम पूर्ववत केला.

४८६च्या बॅटरीची कथा त्याहून करुण. त्या काळच्या अनेक मदरबोर्डांवर निकेल-कॅडमियमची बॅटरी डाग देऊन बसवलेली असे. ती म्हातारपणी गळते आणि तिचा क्षार तांब्याच्या रेघा खात जातो. क्षारावर उतारा आम्लाचा. अप्पांनी पोह्यांवर पिळायला आणलेली लिंबं मदरबोर्डावर पिळली. पाहुण्यांनी पोहे कोरडेच खाल्ले.

कर्नल कापताना कधीतरी हात जास्त चालतो, आणि ज्याचं नाव घ्यायचं नाही ते घडतं. पॅनिक. एकदा अप्पांनी जागा वाचवायला डिस्कवरची फाइलसिस्टिम वाचणारा भाग एम केला, म्हणजे मॉड्यूल करून बाहेर ठेवला. बाहेर म्हणजे कुठे, तर त्याच डिस्कवर. आता डिस्क वाचायची तर मॉड्यूल हवं, आणि मॉड्यूल घ्यायचं तर डिस्क वाचायला हवी. कर्नलने थोडा विचार केला, रूट सापडत नाही असं जाहीर केलं आणि प्राण सोडला. अशा वेळी कीबोर्डवरचे कॅप्स लॉक आणि स्क्रोल लॉकचे दिवे लुकलुकू लागतात. काकू तेवढ्यात चहा घेऊन आल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा कौतुकाने म्हणाल्या, "अगंबाई, लागले की हो दिवे!" अप्पांनी ते कौतुक मुकाट्याने स्वीकारलं.

त्याच्या पुढचा पराक्रम मोठा. मेनूत तज्ज्ञांसाठी राखलेला एक विभाग आहे. आपण तज्ज्ञ आहोत, असं आपण स्वतःच मान्य केलं तरच तो उघडतो. अप्पांनी मान्य करायला फार वेळ घेतला नाही. आत त्यांना प्रिंटके सापडलं, म्हणजे कर्नलला संदेश छापता येण्याची सोय. ती बंद केली की बरीच जागा वाचते, कारण कर्नलमधले सगळे संदेश गळून जातात. अप्पांनी एन दाबलं. कर्नल फ्लॉपीत बसला, संगणक सुरू केला आणि पडदा काळा राहिला. काय बिघडलं हे कर्नलला माहीत असावं, पण सांगायची सोय अप्पांनीच काढून घेतली होती. तो आठवडा घरात दोघांचं मौन होतं. काकू म्हणतात, फार बरा गेला.

या माणसाची सुखदुःखंही आपल्या वर्तमानपत्रात सापडत नाहीत. २०१२च्या डिसेंबरात ३८६चा आधार कर्नलमधून काढून टाकला. ज्या चिपवर लिनक्स जन्मलं तीच बाहेर, आणि खुद्द टोरवाल्ड्सला त्याचं काही वाटलं नाही. अप्पा त्या रात्री जेवले नाहीत. तुमच्याकडे ३८६ आहे का, असं मी विचारलं. नव्हता. "म्हणून काय झालं?" ते म्हणाले. २०१९मध्ये फ्लॉपीच्या ड्रायव्हरवर 'अनाथ' असा शेरा बसला, कारण चालू स्थितीतला फ्लॉपी ड्राइव्हच सांभाळणाऱ्यांना मिळेना. थोड्याच दिवसांत एक जण त्याची जबाबदारी घ्यायला पुढे आला. अप्पा पेढे घेऊन आले. काकूंना वाटलं जर्मनीहून गोड बातमी आली, आणि त्यांनी देवापुढे साखर ठेवली. फ्लॉपीच्या ड्रायव्हरला पालक मिळाला हे कळल्यावर ती साखर उचलली, पण पेढे ठेवून घेतले.

अभिमानाचा दिवस आला २०१८च्या जानेवारीत. मेल्टडाऊन आणि स्पेक्टर या दोषांनी जगभरचे संगणक हादरले. आधुनिक प्रोसेसर वेळ वाचवायला पुढचं काम अंदाजाने आधीच करून ठेवतात, आणि त्या अंदाजाच्या उष्ट्यातून गुपितं फुटू शकतात. ४८६ला असे अंदाज बांधता येत नाहीत. त्याची आणि इंटेलच्या पहिल्या पेंटियमची नोंद कर्नलने या बाबतीत निर्धोक म्हणून करून टाकली आहे. अप्पांनी सोसायटीच्या सभेत आयत्या वेळच्या विषयांत हे सांगितलं. "खात्यात नसलेल्या पैशावर आगाऊ व्यवहार केले की असंच होतं," हे त्यांचं निदान. बँकवाल्याच्या तोंडून मी ऐकलेलं संगणकशास्त्रावरचं हे सगळ्यात सोपं विवेचन.

आता ४८६चीच पाळी आली आहे. त्याला काढून टाकणारे पॅच २०२५मध्ये पुढे आले. त्याच ऑगस्टमध्ये निघालेल्या डेबियन १३ने तर ३२ बिटांच्या पीसीसाठी कर्नल आणि इन्स्टॉलर देणंच थांबवलं. माझं मत विचाराल तर काढणाऱ्यांची बाजू बरोबर आहे. ४८६मध्ये पुढच्या चिपमध्ये असलेल्या काही सूचना नाहीत, त्यांची नक्कल करणारा कोड कुणीतरी सांभाळायला लागतो, आणि तो सांभाळणारे लोक मोजके. जगात ४८६वर ताजा कर्नल चालवणारे किती उरले असतील? मी हे अप्पांना ऐकवलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "जुने कर्नल कुणी पुसून टाकलेत का? सगळे उतरवून ठेवलेत मी." कुठे ठेवलेत हे विचारायची गरज नव्हती. मी त्यावरच पाय ठेवून उभा होतो.

परवा शेवटी ते जमलं. कर्नल फ्लॉपीत बसला, फ्लॉपी करकरली, अक्षरं उमटली आणि कर्सर लुकलुकू लागला. अप्पांनी 'फ्री' ही आज्ञा दिली. सोळापैकी अर्ध्याहून जास्त मेमरी रिकामी होती.

"एवढी मोकळी!" अप्पा म्हणाले.

"आता त्यात काय चालवणार?"

"चालवायचं कशाला? मोकळी आहे बघ!" ज्या घरात मांडी घालायला जागा नाही, त्या घरातल्या माणसाने हे डोळे भरून पाहिलं, मला पाहायला लावलं, आणि संगणक बंद केला. तो परत सुरू झालेला मी पाहिला नाही. अप्पा आता कर्नल आणखी दहा केबींनी खाली आणता येतो का ते बघताहेत.

तुमच्या माळ्यावर जुना संगणक पडला असेल आणि तो एखाद्या मुलाला टायपिंग शिकायला द्यायचा असेल, तर पपी लिनक्ससारखी तयार, हलकी प्रणाली घाला. एका दुपारचं काम आहे. अप्पांकडे नेऊ नका. ते तो सुरू करतील, पण परत देणार नाहीत. भंगारातच घालणार असाल तर मात्र आधी त्यांना विचारा, आणि सकाळी अकरानंतर या. काकू तेव्हा भाजीला जातात.